चौथा कोपरा

"तीन प्रश्न आणि उत्तर एकच," गुळवे सर म्हणाले आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "रेवती, हे तू माझ्यासमोर आणून ठेवतेस?"

सरांच्या घराच्या ओसरीत आम्ही बसलो होतो. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ. पोह्यांची बशी माझ्यासमोर तशीच होती, कारण सर बोलत असताना खायची बार्शीत कुणाची छाती नव्हती. त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना इंग्रजी शिकवलं होतं आणि बावीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले होते. निवृत्त झाल्यावरही लाल पेन सुटलं नव्हतं. घरी आलेल्या लग्नपत्रिकेतसुद्धा ते दोन-तीन चुका काढत आणि मग आहेर पाठवत.

सरांच्या हातात होता तो माझा अर्ज. बेंगळुरूपासून तासाभराच्या अंतरावर एक नवं खासगी विद्यापीठ निघालं होतं आणि ते देशभरातून वीस मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देणार होतं. राहणं, जेवण, फी, सगळं. ती मिळाली तर मी जाणार होते, नाही मिळाली तर सोलापूर किंवा पुण्यात जमेल ते इंजिनिअरिंग. मी बारावी सायन्सला होते, त्यामुळे तिसरा रस्ता कुणाच्या डोक्यातच नव्हता. अर्ज सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कॉम्प्युटरवरून पाठवायचा होता, आणि आमच्या ओळखीत कॉम्प्युटर फक्त सरांकडे होता.

मार्कांचं वगैरे भरून झालं होतं. अडलं होतं ते तीन प्रश्नांवर. पहिला, दीडशे शब्दांत: तुम्हाला कोणता विषय मुख्य म्हणून घ्यायचा आहे आणि का? दुसरा, तीनशे शब्दांत: आमच्याकडे येऊन तुम्ही कशाचा अभ्यास कराल आणि त्यासाठी आमचंच विद्यापीठ का? तिसरा, अडीचशे शब्दांत: कुणी सांगितलेलं नसताना तुम्ही स्वतःहून धरून बसलात, असा एखादा विषय सांगा.

मी तिन्ही ठिकाणी धान्य मोजायच्या जुन्या पायलीबद्दल लिहिलं होतं.

"पायली," सर म्हणाले. "पहिल्यात पायली, दुसऱ्यात पायली, तिसऱ्यात एकोणीस पायल्या. बोर्डाच्या पेपरात दोन 'अ'चं उत्तर पुन्हा दोन 'ब'मध्ये लिहिलं तर मी काय करायचो?"

"आडवी रेघ मारायचात."

"आणि मार्क?"

"शून्य."

"मग? त्या लोकांना वेड लागलंय का, एकच गोष्ट तीनदा विचारायला? तीन प्रश्न म्हणजे तीन बाजू. विद्यार्थी चौफेर आहे का ते बघतात." त्यांनी पहिल्या कागदावर आडवी रेघ मारली. मग बाकीच्या दोन्हींवरही. "शिवाय तू इथे इतिहास म्हणतेस. सायन्सची मुलगी इतिहास म्हणाली की त्यांना वाटणार, हिला बारावीत कमी पडणारेत म्हणून ही पळवाट काढतेय."

"पण सर, मला खरंच ते आवडतं."

"आवडू दे की. मला भजी आवडतात. मी अर्जात लिहिलं का कधी?"

मग सरांनी वाटणी करून दिली. पहिल्या प्रश्नाला अर्थशास्त्र, कारण बार्शीची धान्यबाजारपेठ मोठी आणि शब्दही भारदस्त. तिसऱ्याला पर्यावरण, कारण पर्यावरणाला कुणी नाही म्हणत नाही. दुसऱ्यासाठी त्यांना पटकन काही सुचेना, तेव्हा मीच म्हणाले, "इलेक्ट्रॉनिक्स लिहू का?"

"उत्तम," सर म्हणाले. "आता पोहे खा."

इलेक्ट्रॉनिक्स माझ्या तोंडून का आलं ते सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

माझे वडील, अण्णा, काटे दुरुस्त करायचे. काटे म्हणजे वजनाचे. मार्केट यार्डाच्या फाटकासमोर आमचं एका खणाचं दुकान होतं, 'दिगंबर पांचाळ, काटा दुरुस्ती' अशी पाटी होती, आणि तिच्यावरची अर्धी अक्षरं उन्हानं उडाली होती. आई वर्षभर पाटी रंगवून घ्या म्हणून मागे लागली होती. अण्णा म्हणायचे, दुकान कुठं हाय ते सगळ्यांना ठावं हाय, पाटी कोण वाचतंय.

तराजू होते तोवर अण्णांना कुणाची गरज नव्हती. दांडी, पारडी, दांडी जिच्या धारेवर तोलते ती सुरी घासणं, सगळं त्यांच्या बोटांत होतं. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यातलं लोखंडी काम अण्णा करत, पण आतलं सर्किट बिघडलं की ते सोलापूरला धाडावं लागे. आठ-आठ दिवस आडत्याचा काटा आमच्याकडे पडून राही आणि आडत्या रोज येऊन तोंड वाकडं करून जाई. मी अकरावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा अण्णा काहीच बोलले नव्हते, पण त्या महिन्यात त्यांनी दुकानात माझ्यासाठी एक वेगळं स्टूल आणून ठेवलं होतं. ते स्टूल माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

आणि पायली? ती त्याच दुकानाच्या मागच्या बाजूला सापडली होती. जुनी मापं, ज्यांना आता कुणी विचारत नाही, ती लोक भंगारात घालण्याआधी अण्णांकडे आणून टाकायचे. शेर, अधोल्या, पायल्या, गंजलेली, पोचे पडलेली. अकरावीच्या सुट्टीत मी सहज एक पायली ज्वारीनं भरून काट्यावर ओतली. मग दुसरी. दोघींचं वजन जुळेना. मग मी नाद घेतला. एकोणीस पायल्या मोजल्या आणि एकोणीस वेगवेगळे आकडे आले, साडेतीन किलोपासून पाच किलोपर्यंत. वैरागकडच्या एका घरातून तर दोन पायल्या आल्या होत्या, दिसायला जुळ्या बहिणी, पण एक मोठी. ज्या आजी त्या घेऊन आल्या होत्या त्यांना मी विचारलं, तर त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "एक घ्यायची, एक द्यायची." मला तीन दिवस नीट झोप आली नाही. पायली म्हणजे किती हे ठरवलं कुणी, आणि ज्यांना लहान पायली मिळाली ते गप्प कसे बसले? याला इतिहास म्हणतात हेसुद्धा मला नंतर लायब्ररीत कळलं.

तर रविवारी दुपारी मी दुकानात त्या स्टुलावर बसून तीन नवी उत्तरं लिहिली. सरांनी रेघ मारलेले जुने कागद फेकून द्यायचं मन होईना, ते घडी घालून पायल्यांच्या वहीत ठेवले. अर्थशास्त्र लगेच झालं. पर्यावरणही झालं, त्यात मी झाडं लावली आणि प्लास्टिकला नावं ठेवली. इलेक्ट्रॉनिक्सला मात्र वेळ लागला, कारण ते मी अण्णांसाठी लिहीत होते आणि मला ते चांगलं व्हायला हवं होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी उठले. कपाटाला वळसा घालताना मागे पोत्यात गुंडाळून उभं केलेलं काहीतरी सपाट माझ्या गुडघ्याला लागलं.

"अण्णा, हे काय ठेवलंय?"

"पत्रा हाय काट्याचा. हात लावू नगंस, कापंल."

अण्णांना त्या दिवशी कुणाशी बोलायला फुरसत नव्हती. दुसऱ्या दिवशी वजनमापे खात्याचे साहेब यार्डात येणार होते. वर्षातून एकदा सगळ्यांचे काटे त्यांच्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावे लागतात, आणि त्याच्या आदल्या दिवशी बार्शीतला प्रत्येक आडत्या अण्णांच्या दारात असतो. सहा वाजेपर्यंत गर्दी ओसरली. एक मोठा प्लॅटफॉर्मचा काटा तेवढा राहिला होता, पोतं ठेवायचा. तो ज्याचा, ते सुरवसे आडते काट्याच्या कडेला टेकून चहा पीत होते.

"शेठ, हात मागं," अण्णा म्हणाले.

"मी कुठं दाबलाय?"

"दाबला न्हाई, पण ठिवलाय. वजन ठिवलं की हात मागं. आकडा काट्याला सांगू द्या, तुमी नगा सांगू."

हे वाक्य अण्णा दिवसातून वीस वेळा म्हणायचे. सुरवसे हसले, चहाचा ग्लास ठेवला आणि सकाळी येतो म्हणून गेले.

"झालं का तुझं लिवून?" अण्णांनी विचारलं.

"झालं. उद्या सरांकडे जाऊन पाठवायचं."

"वाच की मग."

"इंग्रजीत आहे."

"मराठीत सांग. हात गुतल्यात, कान रिकामं हायेत."

मी सांगितलं. पहिला प्रश्न काय आणि मी अर्थशास्त्र कसं लिहिलं. अण्णा पाना फिरवत हं हं करत होते. दुसरा प्रश्न आणि इलेक्ट्रॉनिक्स सांगताना मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचा पाना थोडा थांबला आणि पुन्हा फिरायला लागला. मग तिसरा प्रश्न, पर्यावरण.

"झाडं लावलीस कवा तू?" त्यांनी विचारलं.

"शाळेत असताना एकदा."

"जगलं का?"

"बकरीनं खाल्लं."

अण्णा हसले. मग पाना खाली ठेवून, हात पुसत म्हणाले, "रेवू, हिकडं ये. आकडा वाच."

त्यांनी वीस किलोचं लोखंडी वजन उचललं आणि काट्याच्या एका कोपऱ्यावर ठेवलं. मी लाल आकडा वाचला, "वीस." त्यांनी ते दुसऱ्या कोपऱ्यावर सरकवलं. "वीस." तिसऱ्या कोपऱ्यावर ठेवलं. "एकोणीस, नऊशे नव्वद."

"मंजी काय?"

"म्हणजे या कोपऱ्यात दहा ग्रॅम कमी दाखवतोय."

"वजन कमी झालं का?"

"नाही. वजन तेच आहे."

"मग खोटं कोण बोलतंय?"

"काटा."

"आता मला सांग," अण्णा म्हणाले, "उद्या साहेब येणार, तेबी हेच करणार. एकच वजन, चार कोपरे. मी आजवर कधी म्हणलो का, साहेब, एकदा बघितलंय की, परत परत काय ठिवताय? एकच वजन चार ठिकाणी ठिवून बघणारा माणूस येडा नसतोय. आकडा बदलतोय का तेवढंच त्याला बघायचं असतंय."

हातातले तीन कागद एकदम जड झाले.

"सर म्हणाले, एकच उत्तर तिन्हीकडे लिहिलं तर शून्य देतात."

"सरांचं बोर्डाचं असंल. त्यांचं बरोबरच असणार तिथं." अण्णा सरांना कधी चूक म्हणत नसत. "पण हे लोक तुला ओळखत न्हाईत. त्यांनी तीन कोपऱ्यांत ठिवून बघितलं, तर तिन्हीकडं येगळी पोरगी निघाली. मी साहेब असतो तर शिक्का मारला नसता."

मला वाईटही वाटलं आणि हसूही आलं. मग वाईटच जास्त वाटलं, कारण आता काय लिहायचं ते मला ठाऊक होतं आणि ते अण्णांसमोर म्हणायचं धाडस नव्हतं.

"चौथा कोपरा ऱ्हायलाय," अण्णा म्हणाले.

त्यांनी वजन उचलून चौथ्या कोपऱ्यावर ठेवलं. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे न बघता आकड्याकडे बघत उभे राहिले.

"काय शिकायचंय तुला?"

मी इलेक्ट्रॉनिक्स म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. त्यांनी आणलेलं स्टूल समोरच होतं, सुरवशांचा ग्लास त्यावर ठेवलेला. सोलापूरला धाडलेल्या तीन सर्किटांची चिठ्ठी भिंतीवर खिळ्याला लटकत होती.

"इतिहास," मी म्हणाले.

"कसला?"

"मापांचा. पायली कुणी ठरवली, कुणाला लहान मिळाली, मग एकच किलो सगळीकडे कसा आला. म्हणजे, अण्णा, लोकांनी एकमेकांवर विश्वास ठेवायला कसं सुरू केलं, त्याचा."

अण्णांची नजर आकड्यावरच होती. मला वाटलं, त्यांना राग आला. मग त्यांनी विचारलं, "नोकरी लागती का त्यात?"

"माहीत नाही."

"बरं."

"आणि दुकान?" मी विचारलंच. इतका वेळ दाबून ठेवलेलं ते शेवटी बाहेर आलं. "सर्किटं कोण बघणार?"

"सोलापूर काय लांब हाय का," अण्णा म्हणाले. "यष्टी जाती दर तासाला." मग खाली वाकून काट्याच्या पोटात डोकं घातलं. "पाना दे. तिसऱ्या कोपऱ्याचा नट ढिला हाय."

मी पाना दिला. त्यांनी नट आवळला, पुन्हा चारी कोपऱ्यांवर वजन ठेवलं आणि चारी वेळा मी वीस वाचलं. मग वहीतून सरांनी रेघ मारलेले कागद काढले.

सोमवारी चार वाजता मी सरांच्या कॉम्प्युटरसमोर होते. सरांनी तिन्ही उत्तरं वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"पुन्हा पायली."

"हो सर."

"माझी रेघसुद्धा दिसली नाही तुला?"

"दिसली सर. पण हे खरं आहे, आणि तिन्हीकडे तेच खरं आहे." मग मी त्यांना चार कोपऱ्यांचं सांगितलं.

सरांनी तिन्ही कागद सारखे करून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "दिगंबर माझ्या वर्गात होता. 'ढ' होता." लाल पेन उघडून त्यांनी माझ्या इंग्रजीतल्या चार चुका दुरुस्त केल्या, शब्द दोनदा मोजले आणि म्हणाले, "पाठव. उद्या नापास झालीस तर माझं नाव सांगू नकोस." पाचाला वीस मिनिटं कमी असताना अर्ज गेला.

मार्चमध्ये फोनवर मुलाखत झाली. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुला नक्की काय शिकायचंय?" मला इतकं हसू आलं की त्यांना वाटलं लाइन खराब आहे. मी पाचव्यांदा तेच सांगितलं आणि एकदाही आठवावं लागलं नाही. एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. गुळवे सरांनी ते गावभर स्वतः वाचून दाखवलं आणि प्रत्येकाला सांगितलं की अर्ज त्यांच्याच हातून गेला. ते खोटं नव्हतं.

जाण्याची गडबड, कपडे, आईचे डोळे, सगळं झालं. जाताना अण्णांनी माझ्या पिशवीत एक पायली घातली, वैरागची, दोघींतली लहान. मोठी त्यांनी दुकानात ठेवली.

पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा आई दुकानाची साफसफाई काढून बसली होती. मी कपाट पुढे ओढलं. मागे तो पोत्यात गुंडाळलेला पत्रा तसाच होता. कापेल म्हणून मी जपून पोतं सोडलं.

पाटी होती. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, कोरी करकरीत: 'दिगंबर पांचाळ आणि कन्या, काटा दुरुस्ती.'

"आई, ही कधी केली?"

आई हातातला झाडू घेऊन तशीच उभी राहिली. "गेल्या वर्षी, दत्तजयंतीच्या सुमारास. पेंटर घरी आला होता पैसे न्यायला, म्हणून मला कळलं. मला म्हणाले, रेवूला सांगायचं न्हाई."

दत्तजयंती म्हणजे डिसेंबर. मी अर्ज लिहिला जानेवारीत. त्या संध्याकाळी मी इतिहास म्हणाले तेव्हा ही पाटी अण्णांच्या पाठीमागे, कपाटाआड, हाताच्या अंतरावर उभी होती.

अण्णा यार्डातून आले. माझ्या हातात पाटी बघून दारातच थबकले.

"हा पत्रा आहे काट्याचा?" मी विचारलं.

"पत्राच हाय की. लोखंडाचा."

"अण्णा, तेव्हा का नाही दाखवलीत मला?"

त्यांनी टोपी काढून खिळ्याला लावली, उगाच काट्यावरची धूळ पुसली. "दावली असती तर आकडा बदलला असता," ते म्हणाले.

मी रडले. चांगली अर्धा तास रडले, आणि आई मला चहा देऊन देऊन थकली. मग मी डोळे पुसून म्हणाले की ही पाटी आजच्या आज वर लागली पाहिजे.

"तू कुठं दुकानात हायेस? खोटी पाटी लावल्यावर परवाना ऱ्हाईल का माझा?"

"मी मापांचंच काम करतेय. तुम्ही आजची बघता, मी जुनी बघते. लावा."

अण्णांनी जरा विचार केला. मग शिडी आणली. पाटी लावायला त्यांना तास लागला, कारण चारी कोपरे एका रेषेत आल्याशिवाय ते खाली उतरेनात.

याला आता सतरा वर्षं झाली. मी शिकवते, मापांवर लिहिते, आणि ती लहान पायली माझ्या टेबलावर पेनं ठेवायला आहे. सर्किटं अजून सोलापूरला जातात. यार्डात नवा आडत्या आला की पाटी वाचून हमखास विचारतो, "पांचाळ, आणि कन्या कुठाय?"

"बाहेरगावी गेलीय," अण्णा वजन ठेवता ठेवता सांगतात. "लई जुन्या काट्याचं काम निघालंय. जरा हात मागं घ्या, शेठ."